आधी घाट, मग संग्रहालय

संग्रहालयात शिरताना आपण सगळेच अभ्यासू असतो. पहिल्या दालनात प्रत्येक पाटी वाचतो, दुसऱ्यात निम्म्या, आणि तिसऱ्यात बसायला बाक कुठं आहे ते शोधतो. यात पायांचा दोष नाही. ‘मणी, तांबडा अकीक, सातवाहनकाळ’ एवढंच लिहिलेल्या पाटीपुढं माणूस उभा तरी किती वेळ राहणार? मणी कुणी केले, कुठून आले, कुठं चालले होते, यातलं काहीच ती पाटी सांगत नाही. ते सांगतो रस्ता. म्हणून आधी रस्ता आणि संग्रहालय सगळ्यात शेवटी, असा क्रम मी लावून घेतला आहे.

यासाठी नाणेघाटाची वाट मला सगळ्यात आवडते. कोकणातल्या बंदरांवरून माल घाटमाथ्यावर चढायचा, जुन्नरला यायचा, पुढं पैठण आणि त्याहीपुढं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वाटेचा बराचसा टप्पा आज गाडीनं होतो. जुन्नरहून घाटघरमार्गे तर गाडी थेट घाटाच्या तोंडाशी जाते आणि लेणं चार पावलांवर येतं. तरी एकदा खालून, वैशाखऱ्याकडून, चढून बघावं. पाठीवर तंबू, पाणी, शिधा घेऊन दोन-तीन तास दगडी पायऱ्या चढलं की छाती भात्यासारखी चालायला लागते, आणि नेमकं तिथंच, खिंडीच्या ऐन तोंडाशी, ते लेणं समोर येतं. आत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मीतला मोठा लेख आहे. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन. मग अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे. भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत हे आकडे मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या. आता उरलेत ते काही पाय आणि वर कोरलेली नावं.

हा लेख छापील पुस्तकात वाचला तेव्हा मला तो नुसता दानांचा हिशेब वाटला होता. चढून गेल्यावर त्याची जागा कळली. जिथं प्रत्येक व्यापाऱ्याला दम खायला थांबणं भाग आहे, तिथंच राजघराण्यानं आपला मोठेपणा कोरून ठेवलाय. आजच्या टोलनाक्यावरचे नेत्यांचे हसरे फलक याच वंशातले. जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. मला ते फारसं पटत नाही. रोज संध्याकाळी त्या रांजणात वाकून नाणी कुणी वेचायची? पण ही गोष्ट ऐकूनच मुलं घाटावर यायला तयार होतात, तेव्हा माझी काही तक्रार नाही.

पावसाळ्यात इथं जाऊ नये, हे माझं मत. उलट्या धबधब्यासाठी एवढी गर्दी लोटते की लेख राहतो पाठीमागे आणि फोटो निघतात दरीचे. थंडीत जावं. लेण्यात पथारी पसरायची नाही, ते संरक्षित स्मारक आहे. घाटघरात कुणालातरी विचारून त्यांच्या रिकाम्या खाचरात तंबू ठोकावा.

खरा इतिहास मला तंबू ठोकतानाच शिकायला मिळाला. पठारावर खुंट्या आतच जात नाहीत. वीतभर माती, खाली सलग कातळ. दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. पाऊस धो धो पडतो, पण तो या कातळावरून वाहून दरीत जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये याच मुलखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. रात्री स्वयंपाकाला पाणी वाहून आणलं की कळतं, त्या काळच्या लोकांनी छिन्नीनं कातळ फोडून पाण्याची इतकी टाकी का खोदली. दुसऱ्या दिवशी जुन्नरची लेणी बघताना मग एक छोटासा लेख वेगळाच वाटतो: ‘यवन इरिल’ नावाच्या माणसानं दोन टाकी दान दिली, इतकंच त्यात आहे. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी. असा परमुलखातला माणूस, त्यानं सह्याद्रीत येऊन पाण्यावर पैसा खर्च केला. आदल्या रात्री बादली वाहिलेली असली की त्या दोन ओळी पाटीसारख्या वाचून पुढं जाता येत नाही.

जुन्नरहून पैठण आणि पैठणहून तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून तगर, म्हणजे तेर, पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. आपली गाडी ते अंतर एका दिवसात आरामात कापते, तरी मुलं ‘अजून किती’ विचारतातच. तेरचं संग्रहालय गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे. तिथली हस्तिदंती बाहुली बघायलाच हवी. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली, आणि ते शहर तर ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. पण मी त्या दालनात जास्त वेळ शोधत होतो ते कापड. तगरहून गाड्या भरभरून जाडंभरडं आणि तलम कापड जायचं, असं पेरिप्लस सांगतो. त्यातलं एक सूतही उरलेलं नाही. कपाटांत मणी आहेत, मृण्मूर्ती आहेत. गावाचं पोट ज्यावर चालायचं ते मात्र नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक बातमी आहे. कल्याण बंदर अडवलं गेलंय, तिथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. गुजरातेतलं भडोच तेव्हा सातवाहनांचा प्रतिस्पर्धी, शक क्षत्रप (राजा) नहपान याच्याकडं. म्हणजे घाटावरच्या जकातीवर खाली समुद्रातच घाला! या भांडणाचा निकाल नाण्यांवर बघायला मिळतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला ठसा मारलेला होता. काही नाण्यांवर सातकर्णीच्या ठशातला डोंगर आणि त्याखालून डोकावणारा नहपानाचा चेहरा, दोन्ही दिसतात.

नाणी संग्रहालयांत बहुधा सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आणि सगळ्यात खालच्या फळीवर असतात. त्यामुळे तंबूतली विजेरी तिथं जाताना बरोबर ठेवावी. पहारेकरी हटकतो. पण ‘हे बघा, हे नहपानाचं नाक’ म्हटलं की तोही गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो आणि म्हणतो, “इतकी वर्षं इथं उभा आहे, हे कुणी सांगितलंच नाही.”