तुम्ही विचारलंत म्हणून : सहा मोटरी आणि आठ जोड्या चाके

माझ्या बैठकीच्या खोलीत एका डिझेल इंजिनाचे बाजूने काढलेले रेखाचित्र लावलेले आहे. मी ते स्वतः काढले असल्यामुळे त्याच्या सौंदर्याबद्दल काही बोलत नाही, पण घरी येणारा रेल्वेवेडा माणूस त्याच्यासमोर थांबतो, बोटाने चाके मोजतो आणि विचारतो, "काका, या इंजिनाला मोटरी सहा म्हणता, मग चाकांच्या जोड्या आठ कशा?" (अशा इंजिनात डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि त्या विजेवरच्या मोटरी चाके फिरवतात.) जरा जास्त वाचलेला असेल, तर पुढचा प्रश्नही येतो : पूर्व आफ्रिकेत गॅरेटसारखी अजस्र वाफेची इंजिने धावत असताना हे त्याहून दुबळे डिझेल तिथे आणलेच कशाला? बरीच वर्षे मी या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देत असे. आता मात्र ती एकत्रच द्यावीत असे वाटते, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे.

आधी इंजिनाची ओळख करून देतो. हे ईस्ट आफ्रिकन रेल्वेचे ९० वर्गाचे इंजिन. केनिया, युगांडा आणि टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या तिन्ही प्रदेशांची रेल्वे १९४८ पासून एकत्र चालत होती आणि तिने १९६० मध्ये ही इंजिने इंग्लिश इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीकडून घेतली. त्यात बारा सिलिंडरांचे, टर्बोचार्जर (सिलिंडरांत हवा दाबून भरणारे साधन) बसवलेले डिझेल यंत्र असून त्याची शक्ती १,८४० अश्वशक्ती होती. पुढे वर्गांची फेरमांडणी झाली आणि ही इंजिने ८७ वर्गाची म्हणून ओळखली जाऊ लागली. मी पाहिले ते याच नव्या नावाचे. साल १९८५. मी तेव्हा एका मीटरगेज डिझेल शेडमध्ये नोकरीला होतो आणि नैरोबीत स्थायिक झालेल्या चुलतभावाकडे रजा घेऊन गेलो होतो. लोक केनियात सिंह बघायला जातात. मी तिसऱ्याच दिवशी भावाला रेल्वेच्या यार्डाकडे घेऊन गेलो, याबद्दल वहिनी अजून टोमणे मारतात.

यार्डातल्या एका भल्या माणसाने जवळ जाऊ दिले. शेडमध्ये काम केलेला माणूस इंजिन वरून पाहत नाही, खालून पाहतो, म्हणून मी आधी उकिडवा बसलो. इंजिन बराच वेळ एकाच जागी उभे असावे, कारण खालच्या खडीवर गिअरकेसमधून ठिबकलेल्या काळ्या तेलाचे डाग पडले होते. ते मी एका टोकाकडून मोजत गेलो. पहिल्या चाकांखाली खडी स्वच्छ, मग तीन डाग, मग मधली मोकळी जागा, पुन्हा तीन डाग आणि शेवटच्या चाकांखाली खडी पुन्हा स्वच्छ. टोकाच्या त्या दोन जोड्यांना मोटरही नव्हती आणि गिअरही नव्हता. आकारानेही ती चाके बाकीच्यांपेक्षा लहान होती. आपल्याकडच्या वाफेच्या इंजिनांना पुढे जो पोनी ट्रक, म्हणजे लहान चाकांचा गाडा, असे, त्याचाच हा भाऊबंद. त्यांचे काम गाडी ओढण्याचे नव्हे, तर इंजिनाच्या वजनातला आपला वाटा उचलून रुळांवरचा बोजा हलका करण्याचे आहे.

समजा एखादे इंजिन शंभर टनांचे आहे. सहा ॲक्सलांवर, म्हणजे चाकांच्या सहा जोड्यांवर, उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसोळा टनांहून थोडे जास्त येते, आठांवर उभे केले तर साडेबारा. प्रत्यक्षात मोटर नसलेल्या ॲक्सलवर भार कमी ठेवतात, त्यामुळे वाटणी इतकी समान नसते, पण ढोबळ हिशोब कळायला एवढे पुरे. रुळाला इंजिनाचे एकूण वजन कळत नाही, त्याला कळतो तो एका वेळी डोक्यावरून जाणाऱ्या ॲक्सलचा भार. आमच्या शेडमधल्या वायडीएम-४ इंजिनाने हाच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने सोडवला होता : यंत्रच लहान घ्यायचे, सुमारे चौदाशे अश्वशक्तीचे, म्हणजे सगळे इंजिन बहात्तर टनांत बसते आणि सहा ॲक्सलांवर बारा-बारा टन येतात. पूर्व आफ्रिकेला यंत्र मोठे हवे होते आणि रूळ मात्र तेवढे भारी नव्हते, म्हणून या दोन जादा जोड्या.

यंत्र मोठे का हवे होते, हे त्या मार्गाचा चढ पाहिल्याशिवाय समजत नाही. मोंबासा समुद्रकाठी आहे. तिथून निघालेली गाडी सुमारे ५३० किलोमीटर अंतर कापून नैरोबीला पोहोचते तेव्हा १,६६० मीटर उंचीवर आलेली असते. पुढे रिफ्ट व्हॅलीत उतरून ती पुन्हा चढू लागते आणि एल्डोरेटच्या अलीकडे टिंबोरोआजवळ सुमारे २,७५० मीटर गाठते. महाबळेश्वराच्या दुप्पट उंचीवर मीटरगेजची मालगाडी! तिथली हवा इतकी विरळ की साध्या डिझेल यंत्राचा दम निघून जातो, म्हणून टर्बोचार्जर ही तिथे चैन नव्हती. मोंबासा ते नैरोबीच्या चढाचे प्रमाण ६६ ला १ आहे. बोर घाटाच्या ३७ ला १ पुढे ते सौम्य वाटेल, पण बोर घाट काही किलोमीटरांत संपतो आणि हा रस्ता रात्रभर चढतच राहतो.

या चढावर राज्य होते ५९ वर्गाच्या गॅरेटचे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने १९५५-५६ मध्ये अशी ३४ इंजिने बांधली. प्रत्येकाचे वजन २५२ टन होते आणि प्रत्येकाला पूर्व आफ्रिकेतल्या एकेका डोंगराचे नाव दिले होते. गॅरेट म्हणजे मध्ये एका दणकट सांगाड्यावर टांगलेला बॉयलर आणि त्याच्या दोन्ही टोकांना, पाण्या-इंधनाच्या टाक्यांखाली, चाकांचा एकेक पूर्ण संच. मीटरगेजवरचे जगातले सर्वांत ताकदवान वाफेचे इंजिन म्हणून ५९ वर्गाचे नाव घेतले जाते. ६६ ला १ च्या चढावर १,२०० टनांची गाडी ते ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने नेत असे. मी मागे एकदा कागदावर मांडून पाहिले : गाडी आणि इंजिन मिळून साडेचौदाशे टन, त्यांना चढावर ओढायला सुमारे बावीस टनांचा जोर, चाकांच्या घर्षणासाठी आणखी पाच-सहा टन, आणि हे सारे त्या वेगाने. उत्तर सव्वादोन हजार अश्वशक्तीच्या घरात आले. डिझेलचे १,८४० हे यंत्राच्या दांड्यावरचे आकडे. त्यातून पंखे, कॉम्प्रेसर, जनित्र आणि मोटरी यांचा वाटा वजा केला, की चाकापर्यंत पंधराशेच्या आसपास उरतात. म्हणजे विचारणाऱ्याचे म्हणणे खरेच आहे. एकास एक लावले तर डिझेल गॅरेटच्या पुढे एक तृतीयांशाने कमी पडते.

शिवाय डिझेलला लाडही पुरवावे लागतात. वाफेच्या इंजिनावर जास्त ओझे टाकले तर ते कुरकुरते, मंदावते, फार तर थांबते. डिझेलला कमी वेगात फार वेळ जोर लावायला लावले तर ट्रॅक्शन मोटरी, म्हणजे चाके फिरवणाऱ्या मोटरी, तापतात आणि जळतात. मोटरींत जाणारी वीज दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा लाल पट्ट्यात किती मिनिटे राहिला, यावरून ड्रायव्हर आणि शेड यांच्यात झालेली भांडणे मी नोकरीभर ऐकली आहेत.

मग गॅरेट हरले कशात? मुख्यतः तहानेत. मोंबासा सोडल्यावर थोड्याच अंतराने टारूचे रखरखीत रान लागते. १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा त्या टप्प्यात मजुरांसाठीचे पाणीसुद्धा मागून गाडीने पोहोचवावे लागे. ते मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते, सुमारे बत्तीस हजार, बहुतेक पंजाबकडचे. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रेल्वे मीटरगेज झाली तीही हिंदुस्थानामुळेच, कारण इंजिने, डबे आणि ते चालवणारी माणसे हिंदुस्थानातून लगेच मिळण्यासारखी होती. पुढे त्या मार्गावरच्या स्टेशनांत आणि कचेऱ्यांत गोव्याची कितीतरी माणसे होती, आणि इंजिनांवर शीख ड्रायव्हर होते.

अशा मार्गावर ५९ वर्गाचे इंजिन टाक्या भरून निघाले की बरोबर सुमारे ३९,००० लिटर पाणी घेऊन निघे आणि तरीही वाटेत त्याला पुन्हा पुन्हा पाणी पाजावे लागे. पाणी असले तरी ते बॉयलरला मानवेल असे हवे; क्षारांचे पाणी असेल तर नळ्यांवर खपल्या धरतात, मग बॉयलर धुणे आले आणि त्या दिवशी इंजिन शेडमध्ये अडकले. आणखी एक गोष्ट कागदावर लवकर दिसत नाही. गॅरेटच्या टाक्या ओढणाऱ्या चाकांच्याच वर असतात, त्यामुळे पाणी जसजसे संपते तसतसे चाकांवरचे वजन घटते आणि चाके रुळावर जागच्या जागी घसरून फिरण्याचा संभव वाढतो. डिझेलमध्ये मोटरीच्या चाकांवरचे वजन सुटतानाही जवळपास तेवढेच आणि पोहोचतानाही तेवढेच. त्यात मोटरीचा जोर सलग असतो, पिस्टनसारखा हिसक्या-हिसक्याने येत नाही, म्हणून तेवढ्याच वजनात डिझेल रुळाला जास्त घट्ट धरते.

केनियात कामाचा दगडी कोळसा नव्हता, म्हणून ही गॅरेटही आयात तेलावरच चालत होती. हा मुद्दा लोक विसरतात. डिझेल आल्याने देश तेलावर अवलंबून झाला असे तिथे झाले नाही, तो आधीपासूनच होता. प्रश्न इतकाच होता की बाहेरून आणलेल्या त्या तेलातली किती उष्णता गाडी ओढायला लागते. वाफेच्या इंजिनात शंभरातले सहा-सात भाग, डिझेलमध्ये पंचवीस ते तीस. डिझेलचे तेल महाग असते हे धरूनही हिशोब एकाच बाजूला झुकतो.

आणि आता पुन्हा चाकांकडे येतो. ५९ वर्गाच्या गॅरेटचा ॲक्सलभार २१ टन होता. मीटरगेजच्या मानाने हा आकडा छाती दडपवणारा आहे. त्यासाठी रूळही तसेच भारी लागत आणि ते मुख्यतः मोंबासा-नैरोबी या पट्ट्यातच होते. ९० वर्गाचे डिझेल वजन आठ जोड्यांवर वाटून घेत असल्याने हलक्या रुळांवरून वरच्या मुलखातही जाऊ शकत होते. एका इंजिनाने भागत नसेल तर दोन जोडायची. डिझेलमध्ये दुसऱ्या इंजिनासाठी दुसरा ड्रायव्हर लागत नाही, एक केबल लागते. वाफेची दोन इंजिने जोडली की माणसांचे दोन ताफे आले. गॅरेटवाल्यांनी याला उत्तर म्हणून आणखी मोठे इंजिन आखले होते, ६१ वर्ग, ॲक्सलभार २७ टन. ते कधीच बांधले गेले नाही. माझ्या मते ते कागदावरच राहिले हे बरे झाले, कारण त्याच्यासाठी आधी शेकडो किलोमीटरचा रूळ बदलावा लागला असता.

हा जादा चाकांचा तोडगा एकट्या केनियाचा नव्हता. त्याच कंपनीने १९५५ च्या सुमारास नायजेरिया आणि ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) यांना अशाच मांडणीची डिझेल इंजिने दिली होती. दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने १९५९ ते १९६१ या काळात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ३२ वर्गाची ११५ इंजिने घेतली, तीही आठ ॲक्सलांची, आणि ती पाठवली आजच्या नामिबियात, जिथे वाळवंट होते आणि रूळ हलके होते. त्याआधी याच रेल्वेने कारू या कोरड्या प्रदेशासाठी वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी बनवणारी ९० इंजिने बांधून घेतली होती. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, मोठमोठे पंखे, लांबच लांब नळकांडी, पाण्याची प्रचंड बचत आणि देखभालीची तेवढीच प्रचंड डोकेदुखी. पुढे त्यांतल्या बहुतेकांची ती यंत्रणा काढून टाकून त्यांना साधी इंजिने करण्यात आले.

ऱ्होडेशियात मात्र चाक उलटे फिरले. १९६५ नंतर त्या देशावर तेलबंदी आली, आणि घरात वांकीच्या खाणीचा कोळसा होता. परिणामी डिझेल घेतलेल्या त्याच रेल्वेने १९७९ ते १९८२ या काळात ८७ गॅरेट दुरुस्त करून पुन्हा कामाला लावली, तीही जगभर वाफ विझत चाललेली असताना. कुणी मला "डिझेल श्रेष्ठ की वाफ" असे विचारले, की मी उलट विचारतो : कुठे? पाणी किती, कोळसा कुणाचा आणि रूळ किती जाड?

यार्डातून आम्ही तिथल्याच रेल्वे संग्रहालयात गेलो. ५९ वर्गाची सेवा १९८० मध्ये संपली होती आणि ५९१८ क्रमांकाचे 'माउंट गेलाई' तिथे उभे होते. तपकिरी झाक असलेल्या लाल रंगाचे ते धूड पाहून चुलतभाऊही गप्प झाला. मी पुढच्या टाकीपाशी गेलो आणि सवयीने बोटांची पेरे तिच्यावर वाजवली, भरलेली आहे की रिकामी हे आम्ही शेडमध्ये असेच पाहत असू. घंटेसारखा लांब आवाज आला. भावाने विचारले, "काय म्हणते?" मी म्हटले, "तहान लागली म्हणते."

नंतर घरी आल्यावर मी चित्र काढायला बसलो ते मात्र डिझेलचे. टोकाची लहान चाके पहिल्या प्रयत्नात मोठी झाली होती. ती खोडून पुन्हा काढल्याची खूण कागदावर अजून दिसते, चश्मा लावून डाव्या कोपऱ्यात पाहिलेत तर.