एमआरआय नॉर्मल, तरी हात थरथरतो

"एमआरआय नॉर्मल आलाय, मग हात का थरथरूलाय?" पार्किन्सनच्या रुग्णाच्या घरी आमच्या सीमाभागात हा प्रश्न हमखास कानावर येतो. निपाणीच्या माझ्या मामांच्या घरीही तो कित्येक महिने विचारला जात होता. अहवालात काही नाही म्हणजे दुखणेच नाही, वयोमानाने होते, फार तर वात असेल, असा निष्कर्ष नातेवाईक काढतात आणि उपचार लांबतात. नेहमीचा एमआरआय मेंदूची ढोबळ रचना दाखवतो, आणि या आजारात प्रथम बिघडते ते कार्य. अहवाल मुख्यतः स्ट्रोक, गाठ, साचलेले पाणी अशी अन्य कारणे वगळण्यासाठी असतो. निदान डॉक्टर रुग्णाला चालवून, हात हलवायला लावून, लिहायला सांगून करतात, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

मेंदूचा सुरकुतलेला पृष्ठभाग आपल्याला चित्रांतून परिचित असतो. त्याच्या खाली, पार आत, पेशींचे काही पुंजके आहेत: कॉडेट, पुटामेन, ग्लोबस पॅलिडस, थॅलॅमस, आणि थॅलॅमसच्या खाली जेमतेम काही मिलिमीटरांचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस. त्याहून खाली, मध्यमेंदूत, सबस्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पट्टा असतो. मध्यमेंदू आडवा कापला की तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, कारण तिथल्या पेशींमध्ये न्यूरोमेलॅनिन हे रंगद्रव्य साठलेले असते. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत हाच पट्टा फिकट पडलेला आढळतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि या पट्ट्यातील डोपामाइन (हालचालीसाठी पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन) बनवणाऱ्या पेशी त्यांपैकी अवघ्या काही लाख. परंतु त्यांतील एकेका पेशीला पुटामेन आणि कॉडेटमध्ये दहा लाखांहून अधिक जोडण्या सांभाळाव्या लागतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढा पसारा चालवायला लागणारी ऊर्जा प्रचंड असते, आणि म्हणूनच या पेशी आधी थकतात, असे एक मत आहे. मला ते पटते. लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतील साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात.

मामांनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत कीर्द लिहिली. त्यांच्या जुन्या वह्यांत ओळीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षर एकाच मापाचे असे. आजार ओळखला जाण्याच्या आधीच्या वहीत मात्र ओळ पुढे सरकते तसतसे अक्षर बारीक होत जाते आणि शेवटची रक्कम भिंगाशिवाय वाचता येत नाही. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि तर्जनी विडी वळावी तशी एकमेकांवर फिरत राहतात, आणि चहाचा कप उचलताच ती थरथर कमी होते. दाराच्या उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, पण वखारीचा जिना ते न अडखळता चढतात. मामींना यात ढोंगाचा संशय येत असे. वास्तविक सवयीने, नकळत होणाऱ्या हालचालींची सुरुवात आणि त्यांचे माप या खोलवरच्या केंद्रांकडे असते; पायरीसारखी डोळ्यांना दिसणारी खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटांनी तेच काम करून घेऊ शकतो.

हे कार्य कसे उलगडले, त्या इतिहासात आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या दोन वनस्पती आहेत. सर्पगंधेपासून १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन हे मेंदूतील डोपामाइन संपवणारे द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले तेव्हा ससे निपचित पडले, आणि ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते एल-डोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. हा प्रयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत, कॉडेट आणि पुटामेनमध्ये, डोपामाइन फारच कमी असल्याचे दाखवले. दुसरी वनस्पती खाजकुयली. तिच्या बियांतून एल-डोपा वेगळे केल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच नोंदवले होते.

येथे एक सूचना करणे भाग आहे. खाजकुयलीचे चूर्ण एल-डोपाच्या गोळ्यांच्या जोडीला परस्पर घेणारे रुग्ण मला आमच्या भागात भेटले आहेत. बियांमधील औषधाचे प्रमाण एकसारखे नसते, त्यामुळे एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांना न सांगता ते घेऊ नये. तसेच डाळ, अंडी, मटण यांतील प्रथिने एल-डोपाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात.

रचना आणि कार्य यांचा सर्वांत नेमका मेळ सबथॅलॅमिक न्यूक्लियसवरील संशोधनात पडला. डोपामाइन कमी झाले की हे केंद्र अतिसक्रिय होते आणि पुढच्या साखळीमार्फत थॅलॅमसला दाबून ठेवते. अमेरिकेत बर्गमन, विकमन आणि डिलाँग यांनी १९९० मध्ये, एमपीटीपी या विषारी रसायनाने पार्किन्सनसारखी अवस्था आणलेल्या माकडांतील हेच केंद्र निकामी केले, आणि माकडांची हालचाल सुधारली. त्याआधी, १९८७ मध्ये, फ्रान्समधील ग्रेनोबलचे शल्यविशारद बेनाबिद यांना थॅलॅमसवरील शस्त्रक्रियेत असे दिसले होते की सेकंदाला शंभराच्या आसपास विद्युतस्पंद दिल्यास थरथर थांबते, पेशी जाळाव्या लागत नाहीत. या दोन वाटा एकत्र आल्या आणि १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये इलेक्ट्रोड बसवले जाऊ लागले. हे स्पंद नेमके काय करतात यावर अजून एकमत नाही. मेंदूत अशा वेळी नको इतक्या एका तालात चाललेल्या बीटा नावाच्या विद्युतलहरी ते मोडतात, हे बरेचसे मान्य आहे. त्या लहरी मोजून स्पंद आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

सात टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) एमआरआय यंत्रांवर आता सबस्टॅन्शिया नायग्रातील बारीक भागही ओळखू येतात, परंतु आपल्या गावांतील यंत्रे साधारणतः दीड किंवा तीन टेस्लाची असतात. पेशींचा प्रत्यक्ष ऱ्हास पाहायचा तर अजूनही मृत्यूनंतर मिळालेला मेंदूच लागतो, आणि तुलनेसाठी निरोगी मेंदूही तितकेच लागतात. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत असे मेंदू जपणारी मेंदूपेढी आहे. मात्र मेंदू मृत्यूनंतर काही तासांच्या आत काढावा लागतो, आणि निपाणीहून बंगळूर पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. मामांनी स्वतःहून मेंदूदानाचा विषय काढला होता, पण या अंतरापायी तो तिथेच थांबला. बेळगाव किंवा हुबळीत एखादे संकलन केंद्र निघाले, तर सीमाभागातील काही कुटुंबे निश्चितच पुढे येतील.