ट्रेलर होडीच्या मापाचा

गोव्यात करंजाळेच्या किनाऱ्यावर मी माझी एंटरप्राइझ, म्हणजे दोघांची छोटी शिडाची होडी, उतरवत असले की कुणी ना कुणी थांबून विचारतंच, ‘जुनी शिडाची होडी मिळतेय, पण ट्रेलर सडलाय. नवा करायचा तर कसा करू?’ तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

एक नको, दोन करा. रस्त्यावर धावणारा ट्रेलर वेगळा, आणि होडीसकट त्याच्यावर चढून बसणारी, वाळूत जाणारी हलकी ट्रॉली वेगळी. रस्त्याचं चाक खाऱ्या पाण्यात घालायचंच नाही. माझा पहिला ट्रेलर होडीबरोबरच आलेला. दोन हंगाम मी तो सरळ पाण्यात ढकलत होते. एका संध्याकाळी बांबोळीच्या चढावर डावं चाक किंचाळायला लागलं. उतरून बघते तर हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातून, धूर. बेअरिंग उघडल्यावर आत ग्रीस नव्हतंच, तांबडा चिखल होता. रस्त्यावर धावून हब तापतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. पुढचं काम मीठ करतं. एंटरप्राइझची शिड-डोलकाठीशिवायची नुसती होडी ९४ किलोच्या आसपास, त्यामुळे जाड, कमी हवेच्या चाकांची ट्रॉली दोघं जण ओहोटीच्या वाळूतूनही आरामात ओढतात. ट्रेलर वर रस्त्यावरच थांबतो.

ट्रेलरची चौकट उघड्या सी-चॅनलची, म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या लोखंडी पट्टीची, करून घ्या. चौकोनी पाइप दिसतो देखणा, पण त्याच्या पोटात ओल राहते आणि तो आतून कुजतो, बाहेरून कळतही नाही. चौकट झाली की गॅल्व्हनाइज. म्हणजे वितळलेल्या जस्तात, साधारण ४५० अंशांवर, आख्खी चौकट बुडवायची. चंदेरी स्प्रे मारून ‘झालं गॅल्व्हनाइज’ म्हणणारे भेटतील. तो नुसता रंग असतो. दिव्यांची, वायरची, बोल्टची सगळी भोकं बुडवण्याआधी पाडून घ्या. नंतर ड्रिल लावलात की नेमका तिथूनच गंज सुरू होतो.

आता होडीची बैठक. वजन कण्यानं, म्हणजे बुडाच्या मधल्या लांब कडेनं, घ्यायचं. बाजूच्या टेकूंनी होडीला फक्त कलू द्यायचं नाही, आणि तेही होडीला आतून बळकटी देणाऱ्या आडव्या पडद्यांच्या बरोबर खाली हवेत. जुन्या ट्रेलरवर सगळा भार दोन अरुंद टेकूंवर होता, म्हणून माझ्या होडीच्या बुडाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. टेकूंवर गालिचा गुंडाळू नका, तो मीठ आणि पाणी धरून ठेवतो. मी खाणीवरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे लावलेत. पांढऱ्या बुडावर काळे डाग पडतात, ते मला चालतात.

सगळ्यात जास्त वेळ घालवा तो अ‍ॅक्सल कुठे बसवायचा यावर. मिस्त्रीला अ‍ॅक्सल वेल्ड करू देऊ नका, यू-बोल्टवर सैल ठेवायला सांगा. मग होडी, डोलकाठी, सुकाणू, शिडं, जे जे नेणार ते सगळं चढवा. अंगणात दोन चिरे रचून त्यांवर बाथरूमचा वजनकाटा ठेवा आणि कपलर, म्हणजे ट्रेलरचं गाडीला अडकणारं पुढचं टोक, गाडीच्या हुकाच्या उंचीवर येईल असा त्यावर टेकवा. ट्रेलर धरून एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार तिथे हवा. माझं सगळं मिळून २७० किलो भरलं, म्हणून २० किलोच्या जवळपास येईपर्यंत आम्ही अ‍ॅक्सल बोटभर-बोटभर सरकवत होतो. सबंध दुपार गेली. पण ट्रेलरचं नाक, म्हणजे हे पुढचं टोक, हलकं राहिलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि नव्या झुवारी पुलावर आडव्या वाऱ्यात ती हालचाल मी एकदा अनुभवली आहे. हात थरथरत होते.

कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच, त्याची नोंदणी लागते. वेल्डिंग सुरू करण्याआधीच आरटीओत जाऊन विचारा.

पावसाळ्याचे चार महिने आपली होडी ट्रेलरवरच असते, तेव्हा हेही बघा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच ठेवा, पाणी वाहून जायला मागचं बूच काढून ठेवा. ताडपत्रीला भोक पडून होडीत वीतभर पाणी साठलं तर ते होडीच्या कितीतरी पट भरतं, आणि ते वजन टेकूंवर येतं. अ‍ॅक्सलखाली चिरे देऊन चाकं उचलून ठेवा, म्हणजे स्प्रिंगा आणि टायर दोन्हींना आराम.

नवा ट्रेलर घेऊन पहिल्यांदा निघाल की पाचेक किलोमीटरवर थांबा. नट पुन्हा आवळा, पट्टे ताणून बघा, आणि दोन्ही हबवर तळहात ठेवा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल, तर तिथूनच परत फिरा.