पंधरा ऑगस्टची पांढरी साडी

गेल्या वर्षी झेंडावंदन आटोपून बाई थेट आमच्या दारात आल्या. साताऱ्यात सकाळपासून भुरभुर चालूच होती. महिन्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून मी केलेली गडद निळी चामड्याची पर्स नेली होती. काही न बोलता त्या पाठमोऱ्या झाल्या. पांढऱ्या शुभ्र साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याच्या रुंदीची निळी रेघ.

"ताई, भांडायला नाही आले. पण दुसऱ्या कुणाला अशी देऊ नका."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पर्स ठेवून त्या गेल्यावर पांढरं सुती फडकं ओलं करून पट्ट्यावर फिरवलं. वरच्या बाजूने थोडाच रंग आला. आतल्या खरबरीत बाजूने मात्र फडकं निळंशार झालं. अंगाला घासते ती हीच बाजू, आणि तिला मी नुसता रंग देऊन सोडलं होतं! वरून मेण घासून चमक आणली की काम झालं, असं मी धरून चालले होते.

माझं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसलंच. (२०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला साताराही आहे.) हे चामडं रंग अधाशासारखं पितं, पण न मुरलेला रंग वरच बसून राहतो. पावसाने, घामाने तोच सुटतो. मेण एकटं त्याला अडवू शकत नाही, अंगाच्या उबेनेही ते मऊ पडतं.

रंग अडवायला वरून ॲक्रिलिक फिनिशचा पातळ लेप हवा होता. मेणावर तो धरत नाही, म्हणून आधी मेण उतरवलं. हेअर ड्रायरची ऊब दिली, पुसलं, मग स्पिरिटचा बोळा फिरवला. रंग जरा फिका झाला, होऊ दिला. त्या दमट हवेत पट्टा वाळायला पंख्याखाली दोन दिवस लागले. मग कोरडी फडकी घासत बसले. सात निळी झाली, आठवं पांढरं राहिलं. तेव्हा कुठे स्पंजने फिनिशचे तीन पातळ हात दिले, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. पहिला हात घासायचा नाही, अलगद टेकवत न्यायचा. फिनिशमध्ये पाणी असतं, घासलं की रंग पुन्हा उठतो.

विक्रीला ठेवलेल्या चारही पर्स त्याच आठवड्यात उसवून पुन्हा केल्या.

साडीचा डाग गेला नाही. बाई पैसे घेईनात, म्हणून नवी साडीच घेऊन गेले. त्यांनी आधी पर्स पाहिली. नळाखाली रुमाल भिजवून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जोर लावून घासला, उजेडात धरून नीट न्याहाळला आणि मग म्हणाल्या, "बसा, चहा टाकते."