ताकायामाला रात्री राहाच

जपानमधल्या नागोयाहून ‘हिदा’ एक्स्प्रेसने डोंगरातल्या ताकायामाला जायला जवळपास अडीच तास लागतात. बरेच प्रवासी सकाळी उतरतात, सान्माची या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत फोटो काढतात आणि दुपारच्या बसने शिराकावा-गो या गवती छपरांच्या घरांच्या गावाला निघून जातात. माझं आग्रहाने सांगणं आहे, इथे मुक्काम करा. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानं मिटायला लागतात, गर्दी ओसरते, आणि गल्लीच्या कडेने वाहणाऱ्या पाटाचं पाणी तेव्हा कुठे ऐकू येतं.

हे गाव लाकडाचं आहे. डोंगराळ हिदा प्रांतात शेती बेताचीच, म्हणून प्राचीन काळी इथली माणसं कराच्या बदल्यात राजधानीत सुतारकामाला जात. पुढे १६९२मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, कानामोरी सरदारांना इथून हलवलं आणि जंगलांनी समृद्ध असा हा मुलूख थेट आपल्या अमलाखाली घेतला. त्या कारभाराची कचेरी, ताकायामा जिन्या, अजून उभी आहे. तिथे १९६९पर्यंत सरकारी कामकाज चालत होतं. आत बूट काढावे लागतात. थंडीत गेलात तर जाड मोजे घाला, पायाखालची जमीन गार असते.

पण एकच वास्तू बघायला वेळ असेल तर मी कुसाकाबे वाडा सांगेन. आगीत जुनं घर गेल्यावर या व्यापारी कुटुंबाने १८७९मध्ये तो नव्याने बांधला. दारातून आत आल्याबरोबर थांबा आणि वर बघा. छपराखाली सपाट छत नाहीच, एकमेकींवर रचलेल्या जाडजूड तुळया, त्यांना पेलणारे खांब आणि उंचावरच्या खिडकीतून उतरणारा उजेड. इथे घाई करू नका.

सकाळी मियागावा नदीकाठचा बाजार गाठा. भाज्या, लोणची, घरगुती मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) असं बरंच काही मिळतं आणि दुपारपर्यंत सगळं आवरलेलं असतं. सुटे येन जवळ ठेवा. तांदळाच्या पिठाचे गोळे भाजून केलेले मिताराशी दांगो इथे गोड नसतात, नुसत्या सोया सॉसचे, खमंग. मांसाहारी मंडळी हिदा बीफसाठी येतात. शाकाहारींनी मात्र सावध राहावं: रामेन (रश्शातल्या नूडल्स) आणि सूपमध्ये बहुधा माशाचा किंवा कोंबडीचा अर्क असतो, भाज्या वरून दिसत असल्या तरी. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन जेवण मिळतं, पण आधी सांगून ठेवावं लागतं.

राहायला रयोकान, म्हणजे पारंपरिक जपानी खाणावळ-निवास, निवडलंत तर बुकिंग करतानाच आहार कळवा आणि जेवणाच्या वेळेआधी पोहोचा. रात्रीचं जेवण लवकर वाढतात. खर्च आवरायचा असेल तर स्टेशनजवळची साधी हॉटेलं चांगली. तिथून सान्माची दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला रथांचे उत्सव असतात, तेव्हाची खोली कित्येक महिने आधीच धरा. इतर वेळी यातले काही रथ हाचिमान देवळाशेजारच्या संग्रहालयात बघता येतात. शिराकावा-गोची बस स्टेशनशेजारून सुटते, पन्नासेक मिनिटं लागतात. ती दुसऱ्या दिवशी, बाजार बघून झाल्यावर पकडा.