किती सांगायचं, किती खात्रीने

कंपन्यांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडणं, विज्ञानावर सोप्या भाषेत लिहिणं आणि योगाचे वर्ग घेणं ही माझी तीन कामं. माझ्या हितचिंतकांना त्यात ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ दिसतात. करिअरविषयी विचारायला येणारी तरुण मुलंमुलीही हटकून विचारतात, यातलं खरं काम कोणतं? तिन्ही खरी आहेत, आणि एकमेकांच्या आधाराने उभी आहेत.

सुरुवात हिशेबापासून झाली. पर्यावरणशास्त्र शिकले आणि उत्सर्जनाचे अहवाल तयार करणाऱ्या एका टीममध्ये नोकरी लागली. हे काम बाहेरून भव्य वाटतं, पण दिवस जातो एक्सेलमध्ये. जनरेटरला किती लिटर डिझेल लागलं, विजेचं बिल किती युनिटचं, माल कुठल्या ट्रकने किती किलोमीटर गेला. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका कारखान्यातले अकाउंटंट हा आकडा बघून अडले. लिटरभर डिझेलचं वजनच किलोपेक्षा कमी, मग पावणेतीन किलो वायू येतो कुठून? मी कागदावर अणू काढून दाखवले. डिझेलमधला दर १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो, बहुतेक वजन त्या ऑक्सिजनचं. ते म्हणाले, “मॅडम, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही नुसते आकडे भरत होतो.” पुढे त्यांच्याकडून डिझेलच्या नोंदी न मागता, दर महिन्याला यायला लागल्या. माझा पहिला विज्ञानलेख त्या कागदावरून लिहिला.

लिहायला लागल्यावर खात्रीचा प्रश्न रोजचा झाला. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालात महत्त्वाच्या निष्कर्षांना खात्रीची पातळी जोडलेली असते. ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. बातमीत येईपर्यंत दोन्हींचं ‘होणारच’ होऊन जातं. उत्सर्जनाच्या अहवालातही तसंच. स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २. हे बिलांवरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांपासून वापरून झालेल्या मालाच्या विल्हेवाटीपर्यंतचं सगळं, बहुतेकदा सर्वांत मोठा आकडा असतो आणि त्यातच अंदाज जास्त असतात. वाचकाला हा फरक कळलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

योग मी आधी स्वतःसाठी शिकत होते. २०० तासांचं प्रशिक्षण नंतर घेतलं, पण शिकवायला शिकले ते एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या वर्गात मदतनीस म्हणून उभी राहून. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय जमिनीवर आणि कंबर वर उचललेल्या स्थितीत, कुणाची पाठ गोल झाली की त्या कधीही “पाठ सरळ करा” म्हणत नसत. “गुडघे थोडे वाकवा,” एवढंच. आणि पाठ लांब व्हायची! मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडले की कटीचं हाड मागे ओढलं जातं आणि कंबर गोल होते. गुडघा वाकला की ती ओढ सुटते. एका वेळी एकच सूचना, तीही नेमक्या जागी. माझ्या लेखांतली वाक्यं यानंतर आखूड झाली.

वर्गात मी ‘पीळ देणाऱ्या आसनांनी विषद्रव्यं निघून जातात’ असं सांगत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. जुनाट कंबरदुखीबद्दल मात्र सांगते, कारण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली होती. तेवढीच, म्हणून तेवढीच सांगते. काहींना हे योगाला कमी लेखणं वाटतं. मला वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं आणि नौली-उड्डियान या पोटाच्या क्रियांचे प्रयोग क्ष-किरण लावून केले. तपासून बघणं ही आपल्या योगाचीच परंपरा आहे.

आता पैशांबद्दल, कारण ते कुणी बोलत नाही. नियमित मोठी रक्कम उत्सर्जनाच्या सल्लागारीतून येते, लेखनाचे पैसे थोडे आणि उशिरा, वर्गांची फी लहान पण दर महिन्याला. या लहान फीचं मोल मला एका प्रसंगात कळलं. एका कंपनीला माहितीपत्रकावर आपलं उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, असल्याचं माझ्याकडून लिहून हवं होतं. उत्सर्जन जराही घटलेलं नव्हतं, फक्त ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी टाळलेल्या किंवा शोषलेल्या उत्सर्जनाचं श्रेय, विकत घेतले होते. मी नकार दिला आणि ते काम गेलं. वर्ग चालू होते म्हणून तो नकार मला परवडला. (ऑफसेटच्या जोरावर उत्पादनाला न्यूट्रल म्हणण्यावर युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात बंदी घातली, याचा मला फार आनंद झाला.)

विचारणाऱ्यांना मी सांगते, तिन्ही एकदम सुरू करू नका. एका कामात हात पक्का बसू द्या, लोकांनी त्यासाठी तुम्हाला शोधत यायला हवं. मग दुसरं. आर्थिक वर्ष संपलं की अहवालांची झुंबड उडते, तेव्हा मी संध्याकाळचे वर्ग सहकारी शिक्षिकेकडे सोपवते आणि नवा लेख स्वीकारत नाही. सकाळचा वर्ग मात्र कुणाला देत नाही.