जवारी लायब्ररी ०.४ : डेकेनचं काम कुठवर आलं

प्युअर डेटा (पीडी) म्हणजे चौकटी जोडून आवाजाचे प्रोग्रॅम, म्हणजे पॅच, बनवायचं सॉफ्टवेअर. त्यासाठीच्या या छोट्या लायब्ररीत सी भाषेतले ३ ऑब्जेक्ट आणि ११ अ‍ॅब्स्ट्रॅक्शन (पीडीतच लिहिलेले, पुन्हा वापरायचे पॅच) आहेत. तानपुऱ्याची तार, घोडीवरची जवारी आणि चार तारा छेडण्याचा क्रम, एवढाच तिचा पसारा. ०.४ मध्ये आवाजात काहीही बदललेलं नाही. सगळं काम आहे ते लायब्ररी परक्या मशीनवर नीट उतरून चालावी यासाठीचं.

पीडी-एक्स्टेंडेड होतं तेव्हा ढीगभर लायब्रऱ्या पीडीबरोबरच यायच्या. त्याची शेवटची आवृत्ती ०.४३.४, २०१३ ची. २०१६ मध्ये आलेल्या पीडी ०.४७ पासून डेकेन, म्हणजे लायब्रऱ्या शोधून उतरवायची सोय, पीडीतच आहे, आणि बांधणीची (कंपाइल करून फाइली तयार करण्याची) जबाबदारी लायब्ररी लिहिणाऱ्याकडे आली आहे. हे चांगलंच झालं, पण मग ती जबाबदारी पुरती घ्यायला हवी.

मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल, ती ‘मेक’ हा प्रोग्रॅम वाचतो) पीडी-लिब-बिल्डर या तयार साच्यावर बेतलेली आहे. लायब्ररीचं नाव, सोर्स फाइलींची यादी, डेटाफाइलींची यादी आणि शेवटी बिल्डरची फाइल जोडणारी ओळ, बास. चूक होते ती डेटाफाइलींच्या यादीत. नवीन अ‍ॅब्स्ट्रॅक्शन किंवा हेल्प पॅच (वापर समजावणारा पॅच) लिहिला की त्याचं नाव तिथे हाताने घालावं लागतं. राहिलं तरी आपल्याकडे सगळं चालतं, कारण पीडीला जुन्या फोल्डरातली प्रत सापडते. या खेपेला २ अ‍ॅब्स्ट्रॅक्शन अशीच बाहेर राहिली होती. आता त्या ओळीत वाइल्डकार्ड आहे, म्हणजे जुळणाऱ्या फाइली आपोआप येतात.

बांधणी चार ठिकाणांसाठी होते: लिनक्स एएमडी६४, लिनक्स आर्म६४, मॅक (इंटेल आणि आर्म एकाच फाइलीत) आणि विंडोज एएमडी६४. प्रत्येकी ३२ आणि ६४ बिट फ्लोट (पीडी दशांशी आकडे ज्या आकारात ठेवतं तो). म्हणजे ३ ऑब्जेक्टच्या मिळून २४ फाइली. सगळ्या एकाच फोल्डरात राहायच्या, तर एक्स्टेन्शन वेगळी हवीत. ३२ बिटवाल्यांना जुनी छोटी एक्स्टेन्शन ठेवली आहेत, म्हणजे जुन्या पीडीलाही ती ओळखता येतात. ६४ बिटवाल्यांना प्रणाली, प्रोसेसर आणि फ्लोटचा आकार सांगणारं लांब एक्स्टेन्शन आहे. दोन बांधण्यांच्या मध्ये मेक क्लीन (आधीच्या बांधणीच्या फाइली पुसणारी आज्ञा) द्यायचंच. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं; फ्लोटसाइझ बदलल्याचं त्याला कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ ६४ बिट फ्लोटने खाल्ला. मेकफाइलमध्ये फ्लोटसाइझ ६४ केलं की कंपाइल तर होतं, पण कोडमध्ये कुठेही साधं ‘फ्लोट’ उरलं असेल तर तिथे फसतं. तारेचा डिले बफर (तारेची सॅम्पल साठवायची जागा) घ्या. खर्जाची तार ६५.४ हर्ट्झची धरली तर ४८,००० च्या सॅम्पल रेटला ७३४ सॅम्पल लागतात. जुन्या कोडमध्ये जागा मागितली होती ७३४ गुणिले फ्लोटचा आकार, म्हणजे २,९३६ बाइट. पीडी६४ मध्ये (६४ बिट फ्लोटच्या पीडीत) लिहिली जातात टी_सॅम्पल (पीडीचा सॅम्पलसाठीचा प्रकार), त्यांना ५,८७२ बाइट लागतात. उरलेली निम्मी सॅम्पल दुसऱ्याच्या जागेत जाऊन पडतात. पीडी लगेच कोसळत नाही, पॅच बंद करताना किंवा भलत्याच ऑब्जेक्टवर कोसळतं, आणि दोष तिसऱ्याच्याच माथी जातो. त्यामुळे आकार काढणाऱ्या साइझऑफमध्ये नेहमी टी_सॅम्पल. स्ट्रक्टमधल्या मुख्य सिग्नल इनलेटच्या चलाला टी_फ्लोट. आणि अगदी सूक्ष्म आकडे शून्य करण्यासाठी फ्लोटच्या बिटांची हातचलाखी करण्याऐवजी पीडीचाच पीडी_बिगऑरस्मॉल मॅक्रो. अ‍ॅरे वाचतानाही जुन्या फ्लोटअ‍ॅरे फंक्शनऐवजी फ्लोटवर्ड्स वापरायचं.

एक दिलासा आहे. चुकीच्या आकाराचा ऑब्जेक्ट पीडी गुपचूप उचलत नाही, कारण ६४ बिटमध्ये ऑब्जेक्टची नोंद करणाऱ्या क्लास_न्यू फंक्शनचं नाव हेडर फाइलच बदलून टाकते.

लिनक्सवर अडलं ते एका एफमॉडवरून (भागाकाराची बाकी काढणारं फंक्शन). फेज गुंडाळायला ते एकदाच वापरलं होतं. उबंटू २४.०४ वर बांधलेली फाइल ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३८ मागू लागली, कारण त्या आवृत्तीत एफमॉडला नवं सिम्बॉल मिळालं आहे. डेबियन १२ वर ग्लिबसी २.३६ आहे आणि उबंटू २२.०४ वर २.३५, दोन्हीकडे ऑब्जेक्ट उघडेना. आता बांधणी डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये होते, तिथे २.३१ आहे. नवी फाइल बाहेर काढण्याआधी ऑब्जडम्पला मोठा टी देऊन ग्लिबसीचे आकडे तपासायचे. मार्च=नेटिव्ह (बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) मात्र कुठेही नको; जुन्या प्रोसेसरवर पीडी थेट मरतं.

मॅकवर आर्म फाइलीची सही बिघडलेली असली तर ती उघडतच नाही. इन्स्टॉल_नेम_टूल किंवा स्ट्रिप चालवल्यानंतर शेवटची पायरी कोडसाइनची, प्रमाणपत्र न लागणारी साधी अ‍ॅड-हॉक सही पुरते. त्यानंतर फाइलीला हात लावायचा नाही.

विंडोजवर बिल्डरला पीडीचा उलगडलेला फोल्डर दाखवावा लागतो; ६४ बिटसाठी पीडी६४ चा वेगळा. एरर १२६ म्हणजे सोबतची एखादी डीएलएल सापडली नाही, १९३ म्हणजे ३२ आणि ६४ बिट प्रोसेसरच्या फाइलींची अदलाबदल. १२६ बांधणाऱ्याच्या मशीनवर सहसा दिसत नाही, कारण तिथे एमसिस२ चा (बांधणीच्या साधनांचा) पाथ असतो.

आता पॅकेज. मेक इन्स्टॉल देताना पीडीलिबडीआयआर या चलाला प्रकल्पातल्याच ‘बिल्ड’ फोल्डरचा पत्ता दिला की जवारी फोल्डर तयार होतो. त्यावर डेकेन पॅकेज, सोबत आवृत्ती. डेकेन स्वतः फाइली तपासून प्रणाली ओळखतं आणि पॅकेजच्या नावात कंसात घालतं. हाताने नाव बदलू नका. डेक फाइल म्हणजे झिपच आहे. उघडून बघा, आत एकच फोल्डर हवा आणि त्याचं नाव लायब्ररीचंच हवं, नाहीतर पॅचमधल्या डिक्लेअर ऑब्जेक्टमधला पाथ लागत नाही. सोर्सचं पॅकेजही वेगळं करून चढवायचं. बायनरी असताना सोर्स नसेल तर डेकेन अडवतं.

जोडीला ऑब्जेक्टची यादी असलेली टेक्स्ट फाइल बनते. डेकेन हेल्प पॅचच्या नावांवरून ती भरतं, पण वर्णनाच्या जागी ‘डेकेन जनरेटेड’ एवढंच येतं. पीडीतून कुणी ऑब्जेक्टच्या नावाने शोधलं तर हीच यादी कामाला येते. म्हणून ती हाताने लिहून काढली आहे: नाव, टॅब, एका ओळीत काम. हेल्प पॅच नसलेला ऑब्जेक्ट आपसूक यादीत येत नाही. अजून ११ पैकी ४ अ‍ॅब्स्ट्रॅक्शनचे हेल्प पॅच बाकी आहेत.

चाचणीसाठी नोप्रेफ्स (जतन केलेली सेटिंग न वाचता पीडी चालवायचा पर्याय) पुरत नाही, ठरलेले पाथ तरीही शोधले जातात. मशीनवर नवीन युजर खातं उघडायचं, नुसतं पीडी टाकायचं, ‘फाइंड एक्स्टर्नल्स’मध्ये तयार डेक फाइल उतरवायची आणि व्हर्बोज लावून पॅच उघडायचा. कुठकुठे शोधलं ते कन्सोलमध्ये ओळीने दिसतं. नावात टिल्डे (~) असलेल्या, म्हणजे सिग्नलच्या, ऑब्जेक्टचं सेटअप फंक्शन सापडत नाही असं आलं तर फंक्शनच्या नावात ‘_टिल्डे_सेटअप’ आहे का ते आधी पाहा.

लिनक्स आणि विंडोजवर दोन्ही फ्लोट या रीतीने पार पडले. मॅकवर ३२ बिट झालं. तिथली पीडी६४ ची चाचणी आणि ते ४ हेल्प पॅच झाले की ०.४ चढेल. एकदा चढवलेल्या आवृत्तीतली फाइल बदलायची नाही. दुरुस्ती निघाली तर ती ०.४.१ म्हणून जाईल.